विश्लेषण : संघाचा पुढचा मुख्य प्रशिक्षक कसा निवडावा? अंधेरीच्या फुटबॉल मैदानाने दिलेले धडे

मोठे नाव आणावे की शांतपणे काम करणारा माणूस? एक मोसम वाया गेला की लगेच बदल करावा का? मुंबईच्या मैदानांवर गेल्या दहा-बारा वर्षांत या प्रश्नांची उत्तरे पुन्हा पुन्हा मिळाली आहेत. काही शहाणपणाची, काही महागात पडलेली. व्यावसायिक क्लबपासून उपनगरांतील महाविद्यालयांपर्यंत सर्वांना उपयोगी पडतील अशा या धड्यांचा आढावा...

हा प्रश्न आताच का?

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या आझाद नगर स्थानकापासून जवळच शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. तेथील फुटबॉल मैदान म्हणजे मुंबई सिटी एफसीचे घर. २०१४ मध्ये स्थापन झालेला हा क्लब सुरुवातीला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळत असे. २०१६ पासून तो अंधेरीत आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत क्लबने दोनदा लीग विजेत्यांची शिल्ड आणि दोनदा आयएसएल करंडक जिंकला.

डिसेंबर २०२५ मध्ये मात्र या परदेशी समूहाने आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांकडे आला. इंडियन सुपर लीगच्या भवितव्याविषयीची अनिश्चितता हे त्यामागचे एक कारण होते. प्रशिक्षक निवडीच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. इतकी वर्षे मुंबईला प्रशिक्षक हवा असला, की समूहाच्या जगभरच्या जाळ्यात शोध घेता येत असे. एक गेला की त्याच पद्धतीने खेळवणारा दुसरा मिळत असे. आता ही सोय नाही. पुढचा मुख्य प्रशिक्षक जेव्हा केव्हा निवडायचा असेल, तेव्हा ती निवड क्लबला स्वतःच्या बुद्धीने करावी लागेल. छोट्या क्लबांपुढे, शाळांपुढे आणि महाविद्यालयांपुढे हा प्रश्न कायमच असतो.

अंधेरीच्या क्लबने आजवर काय केले?

क्लबचा इतिहास दोन भागांत पाहता येतो. पहिल्या भागात नावाला महत्त्व होते. २०१४ मध्ये इंग्लंडचे माजी खेळाडू पीटर रीड प्रशिक्षक होते. आठ संघांत मुंबई सातवी आली. २०१५ मध्ये फ्रान्सचा प्रसिद्ध आघाडीवीर निकोलस अनेल्का याच्याकडे खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही जबाबदाऱ्या दिल्या गेल्या. मुंबई सहावी आली. पोस्टरवर चेहरा चांगला दिसला, पण गुणतक्त्यात फारसा फरक पडला नाही.

त्यानंतर आलेले अलेक्झांडर गिमारेस यांनी कोस्टारिकाला २००२ आणि २००६ च्या विश्वचषकात मार्गदर्शन केले होते. त्यांच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, मुंबई साखळी फेरीत अव्वल राहिली. पुढच्या मोसमात मात्र संघ सातव्या स्थानी घसरला. पोर्टोचे माजी कर्णधार जॉर्ज कोस्टा यांनी २०१८-१९ मध्ये संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेले. मार्च २०२० मध्ये त्यांचाही कार्यकाळ संपला.

दुसरा भाग सुरू होतो तो सर्जिओ लोबेरा यांच्यापासून. एफसी गोवाला आक्रमक खेळाची ओळख देणाऱ्या लोबेरा यांना गोव्याने २०२० च्या सुरुवातीला, मोसम चालू असतानाच सोडले होते. मुंबईने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना घेतले. अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमूस, मंदार राव देसाई असे त्यांची पद्धत ओळखणारे खेळाडूही आणले. करोनाकाळात गोव्यातील बंदिस्त वातावरणात झालेल्या त्या मोसमात मुंबईने शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. एकाच मोसमात हे दोन्ही जिंकणारा तो पहिला क्लब ठरला. १३ मार्च २०२१ रोजीच्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने अखेरच्या मिनिटांत केलेला गोल निर्णायक ठरला.

या यशाचे मर्म एकट्या प्रशिक्षकात नव्हते. कसा खेळ खेळायचा हे आधी ठरले, त्या खेळात मुरलेला प्रशिक्षक नंतर निवडला गेला आणि त्याला लागणारे खेळाडू त्याच्याबरोबर आले. अनेकदा हा क्रम उलटा होतो. प्रशिक्षक आधी आणला जातो आणि मग हाती असलेल्या खेळाडूंना त्याच्या पद्धतीत कोंबले जाते.

मोठा खेळाडू हाच मोठा प्रशिक्षक, हे खरे आहे का?

मुंबईत या समजुतीला सर्वात ठसठशीत उत्तर क्रिकेटने दिले आहे. मार्च २०२४ मध्ये मुंबईने वानखेडे स्टेडियमवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून ४२ वा रणजी करंडक जिंकला. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते ओंकार साळवी. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर वरिष्ठ पातळीवर रेल्वेकडून खेळलेला एकच लिस्ट ए सामना आहे. कसोटीपटू आणि आयपीएलपटूंनी भरलेल्या ड्रेसिंग रूममध्ये त्यांचे ऐकले गेले, ते खेळाडू म्हणून मिळवलेल्या वलयामुळे नव्हे, तर प्रशिक्षक म्हणून केलेल्या कामामुळे.

अमोल मुजुमदार यांचे उदाहरण थोडे वेगळे आहे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून अधिक धावा करूनही त्यांना भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. २०२१ मध्ये ते मुंबईचे प्रशिक्षक झाले. संघ २०२२ मध्ये रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि त्याच वर्षी सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्याच स्पर्धेच्या साखळी फेरीत संघ लागोपाठ तीन सामने हरला होता, हेही लक्षात ठेवायला हवे.

याचा अर्थ मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होऊच शकत नाही, असा नाही. पण खेळता येणे आणि शिकवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. निवड समितीने पहिल्याच्या जोरावर दुसरे गृहीत धरू नये.

प्रशिक्षक बदलला की निकाल बदलतात का?

संघ हरू लागला की पहिली मागणी प्रशिक्षक बदलण्याची येते. अकरा खेळाडू एकदम बदलता येत नाहीत, एक माणूस बदलता येतो. शिवाय बदलानंतर अनेकदा संघ थोडाफार सुधारतो आणि निर्णय बरोबर होता असे वाटते. येथेच फसगत होते. एखादा संघ आपल्या कुवतीपेक्षा वाईट खेळत असेल, तर काहीही न करताही तो काही काळाने आपल्या सरासरीकडे परततो. ताप उतरायच्याच बेतात असताना घेतलेल्या गोळीला श्रेय जावे, तसे नव्या प्रशिक्षकाला श्रेय मिळते.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा अब्जावधी डॉलरचा व्यवहार आहे. तिथला फुटबॉल म्हणजे हातात अंडाकृती चेंडू घेऊन खेळला जाणारा खेळ. तिथे दरवर्षी अनेक विद्यापीठे मुख्य प्रशिक्षक बदलतात. त्यामुळे या प्रश्नाचा अभ्यास करायला भरपूर माहिती उपलब्ध आहे. तीन राज्यशास्त्रज्ञांनी १९९७ ते २०१० या काळातील बदल तपासले. प्रशिक्षक बदललेल्या संघांची तुलना त्यांनी तशीच कामगिरी असूनही प्रशिक्षक कायम ठेवलेल्या संघांशी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा : अगदी तळाच्या संघांना बदलाचा फारसा फायदा झाला नाही. मध्यम कामगिरीच्या संघांत तर ज्यांनी बदल केला, त्यांची पुढची कामगिरी बदल न करणाऱ्यांपेक्षा खालावली.

अंधेरीतही याचे उदाहरण सापडते. लोबेरा ऑक्टोबर २०२१ मध्ये गेले आणि डेस बकिंगहॅम आले. गतविजेता संघ त्यांच्या पहिल्या मोसमात पाचवा आला आणि बाद फेरीबाहेर राहिला. दुसऱ्या एखाद्या क्लबने तिथेच हिशेब मिटवला असता. मुंबईने त्यांना ठेवले. एप्रिल २०२२ मध्ये याच संघाने रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय. पुढच्या, २०२२-२३ च्या मोसमात मुंबई सलग १८ सामने अपराजित राहिली. २० सामन्यांत ५४ गोल आणि ४६ गुण मिळवून तिने शिल्ड जिंकली. पहिल्या मोसमाच्या तक्त्याकडे पाहून घेतलेला निर्णय या संघाला मुकला असता.

चांगला माणूस सोडण्याची किंमत किती?

मुंबईकडे याची दोन बोलकी उदाहरणे आहेत. पहिले चंद्रकांत पंडित यांचे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१५-१६ मध्ये ४१ वा रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी संघ अंतिम फेरीत गुजरातकडून हरला आणि २०१७ मध्ये पंडित यांच्या जागी नवा प्रशिक्षक आला. पंडित विदर्भाकडे गेले. विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी इतिहासातील पहिला रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या मोसमात तो राखला. मग पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी जिंकली, ती अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवून. मुंबईला ४२ व्या करंडकासाठी मार्च २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली.

दुसरे उदाहरण फुटबॉलचे आणि अधिक विस्मृतीत गेलेले. खालिद जमील यांनी मुंबईत महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी या संघांकडून खेळल्यानंतर २००९ मध्ये मुंबई एफसीची सूत्रे घेतली. तुटपुंज्या साधनांत सात मोसम त्यांनी हा संघ आय-लीगमध्ये टिकवून धरला. विजेतेपद मिळाले नाही, पण पदावनतीही झाली नाही. २०१६ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जमील मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. पुढचा मोसम संपला तेव्हा आयझॉल आय-लीगचा विजेता होता आणि मुंबई एफसी तक्त्याच्या तळाशी. मुंबई एफसीची पदावनती झाली आणि पुढे तो संघच बंद पडला.

दोन्ही ठिकाणी यशाचे संपूर्ण श्रेय एका माणसाला देणे चुकीचे ठरेल. खेळाडू, निवड समिती, नशीब हे सगळे असतेच. पण आपल्याकडे आहे त्याचे मोल कसे करायचे, हा प्रश्न उरतो. ‘करंडक आला का?’ एवढेच विचारले तर मुंबई एफसीच्या जमील यांना नापास करावे लागते. ‘जेवढी साधने दिली त्यांच्या मानाने संघ कुठे पोहोचला?’ असे विचारले तर उत्तर बदलते. प्रशिक्षकाच्या मूल्यमापनात हा दुसरा प्रश्न अधिक न्याय्य आणि अधिक उपयोगाचा आहे.

अमेरिकेतही असेच दिसते. इंडियाना विद्यापीठाचा फुटबॉल संघ २०२३ मध्ये १२ पैकी नऊ सामने हरला होता. त्यांनी मोठ्या विद्यापीठातील तारा शोधला नाही. छोट्या विद्यापीठांत अनेक वर्षे मुख्य प्रशिक्षक म्हणून सातत्याने जिंकत आलेल्या कर्ट सिग्नेटी यांना बोलावले. पहिल्याच मोसमात संघाने ११ सामने जिंकले आणि २०२५ मध्ये बलाढ्य ओहायो स्टेटला हरवून बिग टेन गटाचे विजेतेपद मिळवले. कमी साधनांत जिंकणारा माणूस अधिक साधने मिळाल्यावर काय करील, याचा अंदाज बांधता येतो. उलट, भरपूर साधनांत जिंकणाऱ्याविषयी तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही.

निवड कोणी आणि कशी करावी?

मुंबई क्रिकेट संघटनेत प्रशिक्षकांच्या मुलाखती माजी खेळाडूंची क्रिकेट सुधारणा समिती घेते. २०२१ मध्ये मुजुमदार यांची निवड जतीन परांजपे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली होती. खेळ समजणाऱ्यांनी निवड करावी आणि पदाधिकाऱ्यांनी तिला मान्यता द्यावी, ही त्यामागची कल्पना.

भारतीय फुटबॉल महासंघाने २०२५ मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षकासाठी जाहीर अर्ज मागवले. १७० अर्ज आले. आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीने तीन नावे निवडली : खालिद जमील, स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्टेफान टार्कोविच. १ ऑगस्ट रोजी कार्यकारी समितीने जमील यांची निवड केली. सावियो मेदेरा यांच्यानंतर, म्हणजे १३ वर्षांनी, भारतीय माणसाकडे हे पद पूर्णवेळ आले. निवडीची पद्धत स्पष्ट होती, हे महत्त्वाचे.

त्याआधीच्या निवडीत वेगळी चूक झाली होती. जुलै २०२४ मध्ये मनोलो मार्केझ यांना राष्ट्रीय प्रशिक्षक केले, पण ते पहिल्या मोसमात एफसी गोवाचेही प्रशिक्षक राहिले. दोन डगरींवर पाय ठेवण्याचा हा प्रयोग वर्षभरात संपला. आठ सामन्यांत एकच विजय मिळाला आणि जुलै २०२५ मध्ये परस्पर संमतीने ते दूर झाले. माणूस चांगला असला तरी त्याचा वेळ पूर्ण मिळणार आहे का, हे निवडीआधीच विचारायला हवे.

चांगली पद्धत म्हणजे हमखास यश मात्र नव्हे. जमील यांच्या हाताखाली भारताने सप्टेंबर २०२५ मध्ये सीएएफए नेशन्स चषकात ओमानला हरवून तिसरे स्थान मिळवले. पण ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. ही पात्रता फेरी त्यांच्या नियुक्तीपूर्वीच सुरू झाली होती. अशा वेळी निवड योग्य होती की नाही हे एका निकालावरून ठरवायचे नसते.

करारात काय पाहावे?

निवड चुकू शकते, हे गृहीत धरूनच करार करायला हवा. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना दूर केले. तेव्हा करारातील उर्वरित रकमेपोटी सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलरचे दायित्व अंगावर आले. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रायन केली यांना काढले. त्यांच्या दहा वर्षांच्या करारापोटीचे दायित्व सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर होते. जिंकण्याच्या उत्साहात केलेले लांब मुदतीचे करार हरण्याच्या काळात गळ्याशी येतात.

भारतालाही याचा चटका बसला. राष्ट्रीय प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांचा करार २०२३ मध्ये २०२६ पर्यंत वाढवण्यात आला होता. जून २०२४ मध्ये त्यांना हटवल्यावर वाद झाला आणि महासंघाने सुमारे ४ लाख डॉलर देऊन तो मिटवला. हा पैसा कनिष्ठ गटांच्या स्पर्धांवर खर्च झाला असता.

धडा साधा आहे. मुदत दोन-तीन वर्षांची असावी. मध्येच वेगळे व्हायचे झाल्यास कोणी कोणाला काय द्यायचे, हे आधीच लिहिलेले असावे. कामगिरीचे निकष करारातच असावेत आणि ते फक्त विजयांच्या संख्येशी बांधलेले नसावेत.

उपनगरांतील महाविद्यालयांचे काय?

विलेपार्ले, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील महाविद्यालयांत मुख्य प्रशिक्षकाची निवड इतक्या गाजावाजाने होत नाही. तिथे क्रीडा विभागाची जबाबदारी शारीरिक शिक्षण संचालकांकडे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार या पदाच्या मुख्य अटी ठरलेल्या आहेत : किमान ५५ टक्के गुणांसह शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी, पात्रता परीक्षा, स्पर्धांत प्रतिनिधित्व केल्याची नोंद आणि शारीरिक क्षमता चाचणी. पण या अटी अनेक खेळ सांभाळणाऱ्या प्रशासकाच्या आहेत. फुटबॉल किंवा कबड्डीचा संघ घडवणारा प्रशिक्षक ही वेगळी गरज आहे. ती बहुधा मोसमापुरत्या मानधनावर भागवली जाते.

महाविद्यालयीन संघाची अडचणही वेगळी असते. खेळाडू तीन-चार वर्षांत निघून जातो. म्हणजे दरवर्षी संघाचा मोठा भाग नवा असतो. अशा ठिकाणी डावपेचांपेक्षा शिकवण्याची हातोटी आणि नव्या मुलांतून गुण हेरण्याची नजर अधिक मोलाची. या नजरेचे मुंबईतले सर्वात परिचित उदाहरण बोरिवलीचे आहे. स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी ऑफस्पिन टाकणाऱ्या एका मुलाला शाळेत घेण्यासाठी त्याचे शुल्क माफ करवून घेतले आणि पुढे त्याच्यातला फलंदाज ओळखला. तो मुलगा म्हणजे रोहित शर्मा. पालघरहून येणाऱ्या शार्दुल ठाकूरला लाड यांनी आपल्या घरी ठेवून घेतले. २०२२ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मुलांसाठी असे दार ठोठावणारा माणूस अर्जातल्या प्रमाणपत्रांवरून ओळखता येत नाही. त्यासाठी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे लागते.

प्रमाणपत्रे मात्र दुर्लक्षित करूनही चालणार नाही. फुटबॉलमध्ये एएफसीच्या सी, बी, ए आणि प्रो अशा चढत्या परवान्यांची रचना आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका अनेक खेळांत मान्य आहे. महाविद्यालयाला प्रो परवानाधारक लागत नाही, पण प्रशिक्षणाचे मूलभूत शास्त्र, दुखापत टाळणे आणि प्रथमोपचार शिकलेला माणूस नक्कीच लागतो.

आणखी एक मुद्दा निवडीच्या वेळी हमखास राहून जातो. अकरावी-बारावीचे बहुतेक खेळाडू १८ वर्षांखालील असतात. त्यांना २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. मोठ्या विद्यार्थिनींसाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आणि महाविद्यालयाची अंतर्गत समिती आहे. प्रशिक्षक पहाटे सराव घेतो, बाहेरगावी संघ नेतो, संघात कोण खेळणार हे ठरवतो. इतका अधिकार असलेल्या माणसाची पोलीस पडताळणी, आधीच्या संस्थांकडे चौकशी आणि बाहेरगावच्या दौऱ्यांसाठी लेखी नियम या गोष्टी नेमणुकीपूर्वीच व्हायला हव्यात, मग तो मानधनावरचा असला तरी.

मुलाखतीत काय विचारावे?

आतापर्यंतच्या उदाहरणांतून निवड समितीसाठी काही प्रश्न निघतात.

१. आमच्या मागच्या मोसमातील दोन सामने पाहून सांगा, काय चुकत होते? उमेदवाराने तयारी केली आहे का आणि त्याची नजर कशी आहे, हे यातून कळते.

२. आहे त्या खेळाडूंत तुम्ही कोणता खेळ खेळवाल? ‘मला हवे ते खेळाडू द्या’ हे महाविद्यालयात चालणारे उत्तर नाही.

३. तुमच्या हाताखाली सुधारलेल्या तीन खेळाडूंची नावे सांगा. समितीने नंतर त्या खेळाडूंना फोन करावा.

४. तुमच्याकडे कमी साधने होती, तेव्हा संघ कुठे होता आणि कुठे पोहोचला?

५. तुमच्याकडून चुकलेला एक निर्णय कोणता आणि त्यातून काय बदलले? चूक आठवतच नसेल, तर तीही माहितीच आहे.

६. आठवड्यात किती दिवस, किती तास देणार? दुसरीकडे कुठे शिकवता?

७. परीक्षेच्या काळात सरावाचे काय कराल? दुखावलेल्या खेळाडूने खेळायचा हट्ट धरला तर?

शक्य असेल तर शेवटच्या दोन-तीन उमेदवारांना प्रत्यक्ष एक सराव सत्र घ्यायला सांगावे. तासाभराच्या मुलाखतीत चांगले बोलणारा निवडला जातो. तासाभराच्या सरावात शिकवणारा दिसतो. मुलांनी किती वेळ रांगेत उभे राहून काढला आणि किती वेळ चेंडूला पाय लावला, एवढे मोजले तरी पुष्कळ कळते.

निवड झाल्यानंतर काय?

प्रशिक्षक नेमला की समितीचे काम संपले, असे समजणे ही शेवटची चूक. मुंबई सिटीला बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३ मध्ये मोसमाच्या मध्यातच सोडून गेले. जन्मगावच्या ऑक्सफर्ड युनायटेडने बोलावल्यावर त्यांना अडवणे कठीण होते. पण क्लबची खेळण्याची पद्धत ठरलेली होती. डिसेंबरमध्ये मेलबर्न सिटीतून पेत्र क्रात्की आले आणि ४ मे २०२४ रोजी मुंबईने अंतिम सामन्यात मोहन बागानला कोलकात्यात ३-१ असे हरवून करंडक उचलला. प्रशिक्षक गेला, पण घडी विस्कटली नाही.

महाविद्यालयाला परदेशी समूहाचे जाळे नसते, पण घडी बसवता येते. सरावाच्या नोंदी, खेळाडूंच्या दुखापतींचा इतिहास, कनिष्ठ गटापासून एकच पद्धत आणि हाताखाली तयार होणारा एक सहाय्यक एवढ्यावर बरेच साधते. हे असेल तर पुढची निवड नेहमीच शून्यापासून करावी लागत नाही. आणि नव्या माणसाला किमान दोन मोसम मिळतील, हे त्याला आणि टीका करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलेले बरे. जमील यांना सोडल्यावर मुंबई एफसीच्या वाट्याला एकच मोसम आला आणि तो तळाशी संपला. ती वेळ आपल्या संघावर येऊ नये असे वाटत असेल, तर मुलाखतीची तारीख ठरण्याआधी संघाला नेमके काय हवे आहे, हे लिहून काढण्यापासून सुरुवात करावी लागेल.